मनी, भुऱ्या आणि एअर प्युरिफायर: इंदिरानगरच्या टू बीएचकेमध्ये चौदा महिने वापरून

घरात कुत्रा किंवा मांजर आहे आणि प्युरिफायर घ्यावा की नाही या विचारात असाल तर हे पूर्ण वाचा, कारण मी घ्यायच्या आधी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यात प्राणी असलेल्या घरातला लांबचा अनुभव कुणीच लिहिला नव्हता, खोका उघडला, चार दिवस लावला आणि पाच स्टार दिले, एवढंच. आमच्याकडे मशीन चौदा महिने चालू आहे. नाशिकमध्ये इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, घरात मी, नवरा, सासूबाई, अकरा वर्षांचा मुलगा, भुऱ्या नावाचा गावठी कुत्रा आणि मनी नावाची मांजर.

आधी निकाल सांगून टाकते. मशीन चांगलं आहे, पैसे वाया गेले असं एकदाही वाटलं नाही. पण ते एकच काम करतं, हवेत तरंगणारे बारीक कण ओढून घेतं. सोफ्यावरचे केस, शूचा वास, भिंतीची ओल, बंद खोलीतला कोंदटपणा, यातलं काहीही त्याच्या हातात नाही, आणि दुकानात मात्र हे सगळं त्याच्याच नावावर विकलं जातं. म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

झालं असं की मागच्याच्या मागच्या थंडीत मुलाला सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू व्हायच्या, दहा-बारा सलग, मग नाक गळणार, डोळे चोळून लाल, आणि डिसेंबरमध्ये रात्री छातीत घरघर ऐकू यायला लागली. आईला रात्री दोन वाजता मुलाचा श्वास मोजत बसावं लागतं तेव्हा काय होतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहितीये. डॉक्टरांनी त्वचेची अ‍ॅलर्जी टेस्ट करायला सांगितली (त्याच्या आधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर टेस्ट नीट येत नाही). हातावर टिपके टोचले आणि वीस मिनिटांत दोन जागी गांधी उठल्या, एक घरातल्या धुळीतल्या माइटची (म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) आणि एक मांजराची. कुत्र्याची नाही. पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, मांजर देऊन टाका. मुलगा शेजारीच बसला होता. घरी येईपर्यंत गाडीवर मागे बसून एक शब्द बोलला नाही तो.

मनी आमच्याकडे २०२२ च्या पावसात आली, पार्किंगमध्ये अ‍ॅक्टिव्हाच्या चाकामागे भिजून बसली होती, मुठीएवढी. तिला मुलानेच वर आणलं, त्यानेच ड्रॉपरने दूध-पावडर पाजली. त्यामुळे आम्ही दुसरं मत घेतलं. दुसऱ्या डॉक्टर अ‍ॅलर्जीच्याच होत्या, त्यांनी शांतपणे सांगितलं, आधी इनहेलर रोज नियमाने, मांजर बेडरूममध्ये अजिबात नाही, आणि घरातली हवा आणि धूळ यावर तीन महिने नीट काम करा, मग बघू, आणि तरीही घरघर थांबली नाही तर मग मात्र मनीचा विचार करावाच लागेल. हे मला पटलं. सिन्नरला माझ्या बहिणीशी बोलूनही ठेवलं होतं, वेळ आलीच तर मनी तिच्याकडे जाणार होती. मुलाच्या श्वासापुढे काहीच मोठं नाही.

मला तोपर्यंत वाटायचं अ‍ॅलर्जी केसांची असते. तसं नाहीये. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलग्रंथींमध्ये एक प्रोटीन असतं, मांजर दिवसभर अंग चाटतं त्यामुळे ते प्रोटीन सगळ्या अंगाला लागतं, वाळतं, आणि कातडीच्या कोंड्याबरोबर उडतं. केस फक्त वाहून नेतात. यातले बारीक कण इतके हलके असतात की तासन्‌तास हवेत राहतात, आणि चिकटही असतात, पडदे, गाद्या, कपडे, भिंती सगळीकडे बसतात. मांजर घरातून गेल्यावरही हे काही महिने घरात राहतं. म्हणजे कुणी 'आठ दिवस मांजर दुसरीकडे ठेवून बघा, फरक पडतो का' असं सांगितलं तर आठ दिवसांत काहीच कळणार नाही. ही माहिती आम्हाला पहिल्याच दिवशी मिळाली असती तर सासूबाई आणि माझ्यात जी चार दिवस बोलाचाली झाली ती झाली नसती.

आता मशीन घ्यायची गोष्ट. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे तक्रारीही आहेत आणि तसंही हे सगळं जवळपास सगळ्याच मशीनना लागू आहे. किंमत १३,४०० पडली. आत तीन थर, बाहेर धुता येणारी जाळी म्हणजे प्री-फिल्टर, मग हेपा, मग पातळ कार्बनचा थर. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा ९९.९७ टक्के अडवणारा फिल्टर, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज करा. फक्त 'हेपा टाइप' किंवा 'हेपा लाइक' लिहिलेलं असेल तर ते घेऊ नका, तो हेपा नसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीएडीआर, हा आकडा बघितल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नका. मशीन तासाला किती घनमीटर साफ हवा देतं तो हा आकडा. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं '३६० चौरस फुटांपर्यंत', आणि सेल्समन तेच दाखवतो. आमच्या मशीनचा सीएडीआर २५० आहे. आता ३६० चौरस फूट आणि १० फूट उंची धरली तर ३६०० घनफूट, म्हणजे १०२ घनमीटर, म्हणजे त्या खोलीतली हवा तासाला जेमतेम अडीच वेळा फिल्टरमधून जाणार. अ‍ॅलर्जीसाठी तासाला पाच वेळा तरी जायला हवी. मुलाची बेडरूम १० बाय १२, तिथे ३४ घनमीटर हवा, तिथे पाच वेळा म्हणजे १७० लागतात, २५० आरामात पुरतात. हॉलला मात्र १२ बाय १८ मध्ये ३०६ लागतात, तिथे आमचं मशीन कमी पडतं आणि ते जाणवतं. शिवाय हा आकडा फुल स्पीडचा असतो, रात्रीच्या आवाज न करणाऱ्या मोडवर त्याच्या कितीतरी कमी हवा फिरते. हा हिशोब मी दुकानात मोबाइलवर करत होते तर तो सेल्समन म्हणाला मॅडम एवढं कुणी बघत नाही. बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

मशीन ठेवायची जागापण सांगते. आम्ही आधी सोफ्याच्या मागे कोपऱ्यात ठेवलं, दिसू नये म्हणून. तीन बाजूंनी हवा ओढणारं मशीन कोपऱ्यात गुदमरतं, बाहेर काढून भिंतीपासून फूटभर लांब ठेवल्यावर स्क्रीनवरचा आकडा निम्म्या वेळात खाली यायला लागला.

हा आकडा म्हणजे पीएम २.५, एक घनमीटर हवेत २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण किती मायक्रोग्रॅम आहेत ते. पहिल्या रात्री दारं-खिडक्या लावून चालू केलं तेव्हा बेडरूममध्ये ९४ दाखवत होता, जानेवारीचा दुसरा आठवडा होता. चाळीस मिनिटांत ११ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांची सरासरी १५ च्या आत असावी असं सांगितलंय आणि आपल्याकडची मर्यादा ६० आहे, म्हणजे ९४ हा दोन्हींच्या वर. आणि हे फक्त मनीमुळे नाही. नाशिकची हवा छान, नाशिक थंड हवेचं, हे आपण लहानपणापासून ऐकतोय पण २०१९ ला केंद्राने स्वच्छ हवेचा जो कार्यक्रम सुरू केला त्यात हवा मर्यादेबाहेर असलेल्या शहरांच्या यादीत नाशिक आहे. एका बाजूला सातपूर-अंबडचे कारखाने, मुंबई नाक्यावरची गर्दी, त्यात २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेली रस्त्यांची कामं, आणि थंडीत निफाडचा पारा उतरला की इकडेपण रात्रीची हवा जमिनीलगत बसून राहते, शेकोट्यांचा आणि कचरा जाळल्याचा धूर वर जातच नाही. तो सगळा खिडकीतून आत येतो आणि आत मनीचा कोंडा आहेच.

काही दिवसांत त्या आकड्याची सवय झाली आणि घराबद्दल बरंच कळलं. लसणीची फोडणी टाकली की किचनच्या बाजूचा हॉल मिनिटभरात ३०० च्या पुढे. सासूबाईंनी देवापुढे दोन उदबत्त्या लावल्या की १८०. भुऱ्या बाहेरून आला आणि हॉलच्या मध्ये उभं राहून अंग झटकलं की ४५-५०. मनीने सोफ्यावर नखं घासली की ६० च्या आसपास. म्हणजे ज्या कोंड्याची आम्ही एवढी धास्ती घेतली होती त्याच्यापेक्षा धूर कितीतरी जास्त होता, आणि आधीच चिडलेल्या श्वासनलिकेला धूर अजून चिडवतो. हे मला मशीनने दाखवलं आणि याच एका कारणासाठी आकडा दाखवणारंच मशीन घ्या असं सांगेन, नुसता हिरवा-लाल दिवा असलेलं नको.

उदबत्तीचा विषय घरात नाजूक होता. सासूबाई पंचवटीत वाढलेल्या, सकाळी उदबत्ती आणि संध्याकाळी धूप हे त्यांचं साठ वर्षांचं. मी काही बोलले नाही, फक्त एक दिवस मशीन देवघराजवळ आणून ठेवलं, त्यांनी स्वतः आकडा चढताना बघितला आणि म्हणाल्या, अगं मग निरंजनच लावते ना, देवाला काय फरक पडतोय. आता सणावारी एखादी उदबत्ती, तीही गॅलरीत. मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं.

आता प्री-फिल्टर. ही गोष्ट कुणीच लिहीत नाही. माहितीपुस्तकात लिहिलंय महिन्यातून एकदा साफ करा. केस गळणारे दोन प्राणी असलेल्या घरात दर आठ ते दहा दिवसांनी करावं लागतं. मी पहिल्यांदा बावीस दिवसांनी मागचं झाकण उघडलं, जाळी दिसतच नव्हती, तिच्यावर राखाडी रंगाचा जाड थर, नमद्यासारखा, एका कोपऱ्यातून नखाने उचलला तर अख्खा चौकोन एका तुकड्यात सोलून हातात आला. त्यात मनीचे पांढरे बारीक केस, भुऱ्याचे तपकिरी ताठ केस, आणि मध्ये मैद्यासारखी भुकटी. उन्हात धरला तर त्यातून भुकटी झडत होती. हा थर बसला की मशीन आवाज तेवढाच करतं पण हवा ओढत नाही, आणि आपल्याला वाटतं चालू आहे. आता दर रविवारी सकाळी गॅलरीत नेऊन, तोंडाला मास्क लावून जुन्या ब्रशने झाडते आणि नळाखाली धुते, पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवत नाही. हे काम मुलाला करायला देत नाही. आणि आतला हेपा धुवायचा नसतो, कितीही मळलेला दिसला तरी, पाण्याने त्याचे धागे खराब होतात.

वासाबद्दल. दुकानात सांगितलं होतं 'पेट्सचा वासपण जाईल'. जून संपता संपता मनीने हॉलच्या कोपऱ्यात, पडद्याच्या खाली, शू केली, आणि मग पुन्हा तिथेच. मी फिनेलने पुसलं, वास गेला, आणि पाऊस पडला की परत, बाहेरून येणारा माणूस दारातच थबकायचा. आणि मशीनवर आकडा किती, तर ९. हिरवा दिवा. कारण त्याचा सेन्सर कण मोजतो, वास म्हणजे वायू, तो त्याला दिसतच नाही, आणि तो कार्बनचा पातळ थर अमोनियाला फारसा धरत नाही. मांजराच्या शूमध्ये युरिक अ‍ॅसिडचे खडे असतात ते साध्या पाण्यात विरघळत नाहीत, हवेत दमटपणा आला की पुन्हा वास सोडतात, म्हणून पावसाळ्यात जास्त. त्याला एन्झाइमवालं क्लीनर लागतं, पेट शॉपमध्ये मिळतं, डागावर भरपूर ओतून पंधरा-वीस मिनिटं ओलं राहू द्यायचं, लगेच पुसायचं नाही. दोन वेळा केलं आणि गेला तो वास, परत आला नाही. पडद्याची खालची पट्टीपण भिजवावी लागली, खरा वास तिच्यातच होता. मग व्हेटकडे नेलं तर मनीला मूत्राशयाला सूज होती, म्हणजे ती खोडी काढत नव्हती, तिला त्रास होत होता. मांजर अचानक आपली वाळू सोडून दुसरीकडे शू करायला लागलं तर आधी डॉक्टरकडे न्या, मग फरशीचं बघा.

आणि शूच्या जागेवर ब्लीच कधीही टाकू नका. ब्लीच आणि अमोनिया मिळून विषारी वायू होतो. फिनेलपण मी बंद केलं, त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या लिव्हरला पचवता येत नाहीत, ते ओल्या फरशीवरून चालतं आणि मग तेच पाय चाटतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, सुगंधी तेलाचे डिफ्यूझर (टी ट्री तर अजिबात नको), कापूर कोपऱ्यात ठेवणं, हे सगळं याच कारणाने काढून टाकलं. आता फरशी नुसत्या कोमट पाण्याने आणि थोड्याशा साध्या साबणाने, आणि खरं सांगू का, घर जास्त स्वच्छ वाटतं.

मशीनच्या तक्रारी लिहिते. एक, टच बटणं वरच्या बाजूला आहेत आणि मनीला वर बसायला आवडतं, रात्री तीनला तिचा पाय पडून मशीन फुल स्पीडवर गेलं आणि भुऱ्या भुंकायला लागला, अख्खी बिल्डिंग उठली. चाइल्ड लॉक आहे पण लाइट जाऊन आली की तो निघून जातो, परत लावावा लागतो. दोन, आठव्या महिन्यात आकडा अचानक दिवसरात्र १५० च्या वर अडकला, मी घाबरले, मग बाजूचं छोटं झाकण उघडलं तर सेन्सरच्या छिद्रात केसांचा पुंजका. इअरबडने काढला आणि व्हॅक्यूम लावला, झालं. हे हेल्पलाइनवर कुणालाच सांगता आलं नाही, ते म्हणाले मशीन मुंबईला पाठवावं लागेल. तीन, आणि ही मोठी तक्रार, बदली हेपा फिल्टर. बारा महिने टिकेल म्हणाले होते, आमच्याकडे नवव्या महिन्यात आकडा खाली यायला तिप्पट वेळ लागायला लागला, आणि तेव्हा फिल्टर साडेसहा आठवडे मिळाला नाही. अधिकृत मिळेना, ऑनलाइन निम्म्या किमतीत 'सेम टू सेम' मिळत होता तो मागवला तर कडेला बोटभर फट, म्हणजे हवा फिल्टरला वळसा घालून जाणार, परत केला. त्यामुळे मशीन घेतानाच एक जास्तीचा फिल्टर घ्या आणि पिशवीचं सील न फोडता कपाटात ठेवा. २,८०० रुपये एकदम जातात पण ते सहा आठवडे मला खूप जड गेले.

आयोनायझरचं (हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या भागाचं) बटण असेल तर बंद ठेवा. त्याने ओझोन तयार होऊ शकतो आणि ज्याला आधीच श्वासाचा त्रास आहे त्याला ओझोन चालत नाही, घरात लव्हबर्ड किंवा पोपट असेल तर त्याला तर मुळीच नाही.

विजेचं विचारतात सगळे. फुल स्पीडला ४२ वॅट, म्हणजे चोवीस तास फुल ठेवलं तर दिवसाला एक युनिट. प्रत्यक्षात आमचं बऱ्याचदा ऑटोवर असतं, महिन्याला दहा-बारा युनिट होतात. बिलात कळत नाही.

आता मशीनशिवाय काय केलं ते, कारण मुलगा बरा झाला तो एकट्या मशीनने नाही. बेडरूमचं दार मनीसाठी कायम बंद. पहिले आठ दिवस ती दाराबाहेर बसून ओरडायची आणि आत मुलगा उशीत तोंड घालून, ते दिवस वाईट होते. मग हॉलमध्ये तिला खिडकीशी उंच जागा करून दिली, आता तिची तीच जागा. गादी आणि उशीला माइट अडवणारी चेनवाली कव्हर घातली, चादर-गोधडी दर आठवड्याला गरम पाण्यात, टेस्टमध्ये माइटपण होता ना. बेडरूममधले जाड पडदे काढून सुती लावले. झाडू बंद. हे फार महत्त्वाचं आहे, सुक्या झाडूने केस गोळा होतात पण बारीक कोंडा सगळा वर उडतो, आमच्या कामाच्या ताई झाडायच्या तेव्हा आकडा ११० व्हायचा. आता आधी ओलं फडकं, आठवड्यातून दोनदा हेपावाला व्हॅक्यूम. ताईंना आधी पटलं नाही, पण त्यांनाही झाडताना शिंका यायच्या त्या थांबल्या, मग पटलं.

विंचरायचं काम गॅलरीत, घरात नाही. भुऱ्याचे केस वर्षातून दोनदा जोरात गळतात, त्या दिवसांत रोज दहा मिनिटं, आणि जॉगिंग ट्रॅकवरून फिरून आला की ओल्या टॉवेलने पाय आणि पोट पुसून मगच आत, कारण तो बाहेरची धूळ अंगावर घेऊन येतो. मनीला अंघोळ घालून बघितली, तिचे हाल झाले आणि त्याचा परिणाम दोन-तीन दिवसांपलीकडे राहत नाही, म्हणून सोडून दिलं. ओल्या मऊ कापडाने पुसते, ते ती करून घेते. तिची शीची वाळूपण बदलली, आधीची मातीची होती, ओतताना धुराळा उठायचा.

झाडांबद्दल जरा स्पष्ट लिहिते कारण नर्सरीत सर्रास 'एअर प्युरिफायिंग प्लांट' म्हणून विकतात. नासाचा तो १९८९ चा अभ्यास छोट्या बंद पेटीत केलेला होता, पेटी म्हणजे आपली खोली नव्हे. खोलीत तेवढा परिणाम हवा तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील असा हिशोब नंतर झालाय. त्याहून वाईट म्हणजे मनी प्लांट आणि स्नेक प्लांट दोन्ही कुत्र्या-मांजराने चावलं तर त्रास होतो, तोंडाची आग, लाळ, उलटी. आमच्या मनीने मनी प्लांटचं पान चावून संध्याकाळभर लाळ गाळली होती, तेव्हापासून ती कुंडी गॅलरीबाहेर ग्रिलला टांगलेली आहे.

आणि खिडक्या. मशीन आहे म्हणून दिवसभर बंद घर ठेवू नका. मशीन ऑक्सिजन तयार करत नाही आणि कार्बन डायऑक्साइड काढत नाही, रात्रभर बंद खोलीत सकाळी डोकं जड होतं ते त्यामुळे. थंडीत आम्ही पहाटे आणि रात्री खिडक्या लावून मशीन चालवतो, आणि दुपारी बारा ते चार सगळं सताड उघडं, तेव्हा ऊन तापून हवा वर उठलेली असते आणि बाहेरचा आकडा उतरलेला असतो. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालूच. पावसाळ्यात उलट, तेव्हा बाहेरची हवा धुतलेली असते पण घरात दमट, ओल्या कपड्यांचा ढीग आत वाळत घातला की बुरशी आणि माइट दोन्ही वाढतात, म्हणून दमटपणा मोजणारा साडेतीनशेचा हायग्रोमीटर आणला आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं की पंखे फुल, गरज पडली तर एसी ड्राय मोडवर.

मुलाचं सांगायचं तर तिसऱ्या महिन्यापासून रात्रीची घरघर थांबली. सकाळच्या शिंका दोन-तीनवर आल्या. इनहेलर चालू आहे, डॉक्टरांनी डोस कमी केलाय, बंद केलेला नाही, आणि आम्हीही आपल्या मनाने बंद करणार नाही. दिवाळीच्या चार दिवसांत मात्र मशीन फुल असूनही आकडा ७० च्या खाली गेला नाही आणि एक रात्र त्रास झालाच, तेव्हा पुढच्या दिवाळीला आम्ही सिन्नरला जायचं ठरवलंय, भुऱ्या आणि मनीसकट, बहिणीचं घर मळ्यात आहे आणि फटाक्यांच्या आवाजाने भुऱ्या पलंगाखालून निघत नाही तोही प्रश्न सुटेल.

कुणी घ्यावं? घरात अ‍ॅलर्जी किंवा दमा असेल तर घ्या, आधी झोपायच्या खोलीसाठी, सीएडीआर मोजून, जास्तीच्या फिल्टरसकट. फक्त वासासाठी किंवा केसांसाठी घेत असाल तर नका घेऊ, ते पैसे व्हॅक्यूम आणि एन्झाइम क्लीनरवर घाला. पाचपैकी चार देते, एक कापलाय तो त्या साडेसहा आठवड्यांचा.

परवा नवीन फिल्टर बसवला, कडेच्या पट्टीवर मार्करने तारीख लिहिली. जुना पिशवीत बांधून टाकायच्या आधी मुलाने मागून घेतला आणि नव्याशेजारी ठेवून फोटो काढला, एक पांढरा शुभ्र आणि एक पावसाळी ढगासारखा. शाळेत विज्ञानाच्या बाईंना दाखवायचाय म्हणाला.